टीव्हीवरची गोधडी

अन्याय झाला तो कौसल्याकाकूंवर, गेल्या दसऱ्याला, भर दुपारी. दर शनिवारी संध्याकाळी त्यांच्या हॉलमध्ये आमच्या गल्लीतल्या बायकांची बैठक भरायची. पहाटे येणारं नळाचं पाणी दिवसा सोडा, एवढीच मागणी. काकूंचा मुलगा प्रशांत शेंद्र्याला कंपनीत नोकरीला. त्यानं काकूंना न विचारता बैठकीच्या समोरच्या भिंतीवर भलामोठा टीव्ही बसवला आणि वर म्हणाला, आई, तुझ्यासाठीच आणलाय. तुझ्यासाठी म्हणायचं आणि बाईचीच जागा घ्यायची, ही रीत मला पाठ आहे.

पुढच्या शनिवारी बायका आल्या आणि मालिकेत बुडाल्या. पाण्याचा विषय निघालाच नाही. पत्रकं लिहिणारी मी, चिडून वायर उपटायला निघाले. काकूंनी मनगट धरलं. "उपटून काय व्हतंय? उद्या परत लावंल. टीव्ही दिसलाच नाय पायजे."

काकूंची हयात अंगणवाडीत गेली. पोराच्या हातचं खेळणं हिसकायचं नाही, त्यावर काहीतरी झाकायचं, हे त्यांचं शास्त्र. पहिल्यांदा त्यांनी टीव्हीवर लग्नातली पैठणी सोडली. फसलं. अख्खी बैठक पदरावरच्या मोरांत गेली आणि कुणाचा नवरा पैठणी घेत नाही, यावर संपली. "लई देखणं टाकलं की तेच बघत्यात," म्हणत काकूंनी पैठणी घडी घालून आत ठेवली.

मग त्यांनी घरोघर फिरून प्रत्येकीकडून एकेक जुनी साडी मागितली. गोधडी शिवायची म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? शनिवारी सगळ्या टीव्हीकडं न बघता गोल बसल्या. हात टाक्यांत गुंतले, तोंडं मोकळी झाली. कुणाची झोप मोडते, कुणाची कंबर धरते, सगळं बाहेर आलं. गोधडी पुरी झाली तोवर मोर्चाचा दिवस ठरला होता. काकूंनी पडद्याची दांडी ठोकून घेतली आणि गोधडी टीव्हीवर लावली.

प्रशांत भर बैठकीत आला. "आई, हॉलमध्ये अंथरूण टांगलंय का? लोक काय म्हणतील?"

"तुझ्या टीव्हीला थंडी वाजायली व्हती."

बायका हसल्या. तो गोधडी सारायला पुढं झाला, तेवढ्यात त्याची बायको वर्षा शांतपणे म्हणाली, "अहो, तो मधला हिरवा तुकडा माझ्या डोहाळजेवणाच्या साडीचा आहे. हात लावू नका."

त्यानं हात मागं घेतला. त्या आठवड्यात आम्ही पाण्याच्या ऑफिसात जाऊन बसलो, उठलोच नाही. आता पाणी दुपारी येतं आणि सुट्टीच्या दिवशी बादल्या प्रशांत भरतो.

काकू आता करमाडला, मुलीकडं राहतात. बैठक वर्षा चालवते. मॅच असली तरी शनिवारी गोधडी ओढली जाते आणि ती ओढतो प्रशांत. आता विषय गल्लीतल्या दिव्यांचा आहे. तोही जिंकू.

तुमच्या हॉलची भिंत कुणाच्या ताब्यात आहे, ते मला सांगत बसू नका. येत्या शनिवारी टीव्ही झाका, दार उघडा आणि शेजारणींना आत बसवा.