बेसबॉलचे उखाणे

आमच्या घराण्यात कवी कोणी झालं नाही. मीही झाले नाही. पण अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत आमची जेवढी नातीगोती पसरलीत, त्यातल्या कुठल्याही बाईला नवऱ्याचं नाव घ्यायची वेळ आली की फोन मला येतो. "मावशी, पटकन एक उखाणा दे ना, सगळ्या दारात अडवून उभ्या आहेत." मी कुकरची शिट्टी होईस्तोवर दोन ओळी जुळवून देते. इतकी वर्षं जगाचे नवरे यमकात बसवले, माझ्या स्वतःच्या नवऱ्याच्या नावाला मात्र अजून यमक सापडलेलं नाही. त्याचं मी 'अहो'वरच भागवते.

उखाण्याचं तंत्र सोपं असतं. पहिली ओळ कशाचीही चालते, द्राक्षाच्या घडाची, चांदीच्या ताटाची. दुसऱ्या ओळीत नाव आलं की काम झालं. नावाची जागा मी रिकामी सोडते, जिची तिने भरावी. इथेही तशीच सोडते आहे.

माझी भाची, म्हणजे थोरल्या बहिणीची मुलगी, उल्हासनगरला शाळेत असताना बेसबॉल खेळायला लागली. आवडीने नव्हे. क्रिकेटला पोरांची झुंबड आणि बेसबॉलला नऊ मुलीही भरेनात, म्हणून खेळाच्या बाईंनी हिला वर्गातून उचलून नेलं. ती कॅचर झाली. कॅचर म्हणजे बॅटवालीच्या मागे तोंडाला जाळी लावून उकिडवी बसते ती. माझी बहीण म्हणायची, "एवढा वेळ उकिडवी बसून घरात चार भाकऱ्या थापल्या असत्यास तर?"

कॉलेजात गेल्यावर रविवारी मुलींना शिकवायला एक मुलगा यायचा. गाव बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या रस्त्याला. घरची भातशेती, नोकरी अंबरनाथच्या एमआयडीसीत. तो पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. या खेळात चेंडू कसा टाकायचा हे कॅचर बोटांच्या खुणांनी सांगते आणि पिचर मान डोलावतो. भाचीने मला हे समजावलं तेव्हा मी म्हटलं, "अगं, लग्नाआधीच बोटावर नाचवतेस की त्याला!" ती लाजली. तेव्हाच मला बातमी कळली. तिच्या आईला कळायला आणखी बरेच रविवार जावे लागले.

लग्न ठरलं आणि फर्माईश आली, "मावशी, द्राक्षांचे घड नकोत. सगळे उखाणे बेसबॉलचे हवेत."

मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी अभ्यास म्हणून रुखवतात ठेवायला एक बॅट आणावी, असं ठरवून उल्हासनगरच्या कॅम्प चारच्या बाजारात गेले. सिंधी दुकानदाराने बॅट काढली आणि विचारलं, "मॅडम, गाडी में रखने के लिए?"

"नहीं, खेलने के लिए."

"खेलने के लिए!" त्याने शेजारच्या दुकानदारालाही ऐकू जाईल असं म्हटलं. मी बॉल मागितल्यावर तर तो माझ्याकडे काळजीनेच बघायला लागला. बॅटी त्याने खूप विकल्या होत्या. बॉल आजवर कोणी मागितला नव्हता.

रुखवतात चिरोट्यांच्या आणि साखरेच्या तुळशी-वृंदावनाच्या मधोमध जरीची फीत बांधलेली ती बॅट होती. भाचीच्या सासूबाई, गावाकडच्या, मोठ्या आवाजाच्या आणि मोठ्या मनाच्या, बॅट हातात घेऊन म्हणाल्या, "सून बॅट घेऊन आली गो, आता माज्या पोराचा काय खरा नाय!" मंडपभर हशा. मग खेळ समजावून घेऊन म्हणाल्या, "यो त आपला विटीदांडूच हाय. विटी तेवरी गोल."

दारात नणंदांनी अडवल्यावर भाचीने माझा उखाणा घेतला:

*चेंडू येतो सुसाट, बॅट फिरते गर्रकन,*
*……रावांचं नाव घेते, वाट सोडा झर्रकन.*

जावयालाही मीच पुरवला होता. त्याने मान खाली घालून, पाठ केलेल्या पाढ्यासारखं म्हटलं:

*चेंडू गेला कुंपणापार, शोधत बसली टीम,*
*……चं नाव घेतो, आणा आता आइस्क्रीम.*

आइस्क्रीम खरंच आणावं लागलं.

पहिल्या संक्रांतीला काळी साडी, हलव्याचे दागिने, आणि:

*तीनदा चुकला बॅटर की होतो म्हणे बाद,*
*……रावांना सगळं माफ, घालत नाही वाद.*

"कदी माफ केलास गो? काल त भांडत व्हतीस!" सासूबाई म्हणाल्या. हे दोन ओळींचे तुकडे म्हणजे काही साहित्य नव्हे, मला ठाऊक आहे. पण त्या घरात ते फ्रिजवर चिकटवलेले असायचे आणि जावई येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवायचा.

लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. पावसाळा संपता संपता त्याला ताप आला. डेंगी निघाला. आम्ही सगळ्यांनी आपापलं शहाणपण पाठवलं, पपईच्या पानांचा रस, किवी, बकरीचं दूध. गावाकडून दूध आलं तेव्हा तो आयसीयूत होता. ते दूध तिथेच बाहेर बाकावर फाटलं.

त्याच्याबद्दल याहून जास्त मला लिहिता येत नाही.

पुढच्या संक्रांतीला माझा फोन नेहमीसारखा वाजू लागला. हिला पतंगावर हवा, तिला तिळगुळावर. मी देत होते. नाही कसं म्हणणार? भाची तेव्हा आईकडे, बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात आली होती. शेजारच्या बायका हळदीकुंकवाला जमल्या तेव्हा ती आत वाणाच्या वाट्या पुसत बसली. तिला कोणी आत जा म्हटलं नव्हतं. बाहेर ये, असंही कोणी म्हटलं नाही. मी शेजारी जाऊन बसले आणि दुसरं फडकं घेतलं.

"मावशी," ती वाटी पुसतच म्हणाली, "तिकडे सासरी त्याचं नाव कोणी घेत नाही गं."

"म्हणजे?"

"आई 'तो' म्हणतात. बाबा तर काहीच म्हणत नाहीत. मी नाव काढलं की आई उठून गोठ्यात जातात. मग मीही काढत नाही. मी कुठे घेऊ त्याचं नाव?" मग पुढची वाटी उचलून, "मला एक उखाणा दे."

मी म्हटलं, देते. त्यात काय!

जमलं नाही. पहिल्या ओळी हव्या तेवढ्या येत होत्या. मैदान, माती, त्याचा तो हातमोजा. '……रावांचं नाव घेते' इथपर्यंत सगळं ठीक चालायचं. त्यापुढे काय? माझी यमकं सगळी संसाराची, अंगणाची, सुखाची, जन्मोजन्मीची. एकेक काढून बघितलं आणि एकेक परत ठेवलं. भाजी करपली, 'अहो' तीच दुसऱ्यांदा वाढून घेऊन जेवले. त्यांना कळलं असावं.

रथसप्तमीच्या आत मी माझ्या घरी हळदीकुंकू ठेवलं. भाचीला बोलावलं, तिच्या सासूबाईंनाही बोलावलं. पोरगा गेल्यापासून त्या कुठे गेल्या नव्हत्या. दोघी रिक्षातून उतरल्या. दारातच भाचीने माझ्याकडे बघितलं आणि मी मान हलवली. नाही जमलं.

हळदीकुंकू झालं, मग नावं सुरू झाली. एकेक बाई लाजत, हसत घेत होती. अर्धे उखाणे माझेच. सासूबाईंच्या पाळीला त्या फक्त म्हणाल्या, "माजा ऱ्हाऊ दे." शेजारी भाची. तिच्या पलीकडे आमच्या मजल्यावरची एक नवी नवरी. सगळ्यांच्या नजरा भाचीवरून सरकून त्या नवरीवर गेल्या. तिने घसा खाकरला.

"थांब गं," मी म्हटलं. "मधली राहिलीय."

कोणीतरी माझा पदर ओढला. भाची उभी राहिली. साडीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. तिच्याकडे दोन ओळी नव्हत्या, कारण मी दिल्या नव्हत्या.

तिने नुसतं नाव घेतलं. त्याचं, वडलांचं, आडनाव. राव नाही, यमक नाही. आवाज नावावर फाटला, तरी आडनावापर्यंत पोचली.

उखाणा संपला की बायका 'वा वा' म्हणतात. इथे संपला की नाही तेच कोणाला कळेना. नवी नवरी घाबरून तिळगुळाची वाटी धरून बसली होती. मी सासूबाईंकडे बघायचं टाळत होते. त्या उठतील, असंच मला वाटत होतं.

त्या उठल्या नाहीत. त्यांनी हात लांब करून भाचीच्या साडीची निरी मुठीत धरली, लहान मूल धरतं तशी.

"आजून येकदा घे गो," त्या म्हणाल्या.

तिने घेतलं.