घोड्याची पहिली चाल

नव्या रेक्झिनचा वास आला की मला चंद्रपूरच्या स्पर्धेच्या हॉलमधला बुद्धिबळाचा पट आठवतो. मी बारावीत होते. कोरपन्याहून एसटीनं येताना बाबा म्हणाले होते, "आज हारली तं खेळ बंद. पाहुणे येतीन मंग तुले पाहाले." माझ्याकडे काळे मोहरे आले. समोरचा मुलगा राजापुढचं प्यादं सरकवेल, एवढीच तयारी मी करून गेले होते. त्यानं शांतपणे घोडा बाहेर काढला. त्या चालीतून डाव कुठेही वळू शकत होता आणि मला एकही वाट ओळखीची वाटेना. प्याद्याकडे नेलेला हात मी पुन्हा पुन्हा मागे घेत होते. माझं घड्याळ मात्र चालूच होतं. नंतर मी चांगली खेळले, त्याचा हत्तीही मारला; पण माझी वेळ संपली आणि पंचांनी डाव त्याला दिला. दारात बाबा उभे होते. "काऊन वं, एवढा कायचा विचार करून राह्यली होती?" दिवाळीनंतर माझं लग्न झालं. घोड्याच्या त्या पहिल्या चालीला जवळजवळ कोणतंही उत्तर चालतं, हे मी परवा मोबाइलवर वाचलं, आणि गॅसवरची भाजी करपेपर्यंत तशीच उभी राहिले.