वत्सलाचे दोन तास

वत्सला गेल्याची बातमी मला शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली. प्रार्थना नुकतीच संपली होती, हातात खडू आणि हजेरी घेऊन मी दहावीच्या वर्गाकडे निघाले होते, आणि क्लार्कनं टाकलेल्या गणवेशाच्या सूचनेखाली तिचं नाव दिसलं. मी तिथंच व्हरांड्यात उभी राहिले. बघता बघता खाली हात जोडल्याची चित्रं येत गेली, मध्येच कुणीतरी चुकून शुभ सकाळचं फूल टाकलं आणि काढून घेतलं... शाळेत शिक्षक वारला की हेडमास्तरांपुढं पहिला प्रश्न असतो तो त्याचे तास कोणी घ्यायचे हा. त्या दिवशी तो प्रश्न आलाच नाही. मधल्या सुट्टीआधी आम्ही सगळे दोन मिनिटं उभे राहिलो आणि वेळापत्रक होतं तसं पुढं चालू झालं. कारण वत्सलाचे तास दीड वर्षापासून माझ्याच नावावर होते. ती जाऊन पाच आठवडे झाले. तिच्याविषयी लिहायला बसले की आधी हेच लिहावं लागतं, म्हणून लिहिलं.

ती बिदर जिल्ह्यातल्या आमच्या भालकीकडच्या शाळेत आली तेव्हा पस्तिशीची असेल. मूळची मंठाळची, बौद्ध शेतकरी कुटुंबातली. कलबुर्गीला नोकरी करणाऱ्या मावशीकडे राहून ती भरतनाट्यम शिकली होती, सगळ्या परीक्षा दिल्या होत्या. संस्थेला खरं तर स्नेहसंमेलनात नाच बसवून देणारं कुणीतरी हवं होतं. वत्सलानं पहिल्याच आठवड्यात हेडमास्तरांकडे आठवी, नववी, दहावीला प्रत्येकी दोन तास मागितले, आणि वर विचारलं की घटक चाचणीत नृत्याचा पेपर कधी ठेवायचा. हेडमास्तर हसले. ती हसली नाही. "सर, मी कार्यक्रम बसवायला आले न्हाई. विषय शिकवायला आलेय," असं तिनं हळू आवाजात सांगितलं, आणि का कोण जाणे, त्यांनी तास दिले. विज्ञानाच्या खोलीमागं जुने बाक रचून ठेवलेली खोली होती. ती तिनं मुलींना घेऊन दोन दिवसांत रिकामी केली, फरशी तीनदा पुसली, आणि तिसऱ्या दिवशी त्या खोलीतून लाकडावर दांडकं वाजल्याचा ठोका ऐकू यायला लागला.

मी गणित शिकवते. माझ्या वर्गात त्या ठोक्यानं व्यत्यय येतो अशी तक्रार घेऊन मी तिच्याकडे गेले, आणि दारातच थांबले. मुली पायांनी तीन मोजत होत्या आणि हातांनी चार. सगळं विस्कटल्यासारखं दिसत होतं, आणि बाराव्या मात्रेला हात-पाय एकदम एका जागी आले. ज्या सविताला मी दोन महिने लसावि शिकवून थकले होते, ती मुलगी तिसऱ्या ओळीत उभी राहून तोच लसावि अंगानं सोडवत होती. सविता जवळच्याच एका खेड्यातली, ऊसवाल्या घरातली. वर्गात तोंड उघडत नसे. मी दुसऱ्या दिवशी वत्सलाला माझ्या वर्गात घेऊन गेले, आणि त्या वर्षापासून लसाविचा धडा आम्ही दोघी मिळून घ्यायला लागलो. आमची मैत्री तिथून झाली. ती मला अक्का म्हणायची. डबा एकत्र, बसस्टँडपर्यंत चालणं एकत्र... शाळेतल्या इतरांशी ती मोजकंच बोलायची. त्यालाही कारण होतं. एकदा स्टाफरूममध्ये एक सहकारी म्हणाले, "यांना नाच काय शिकावा लागतो होय, तो रक्तातच असतो." काहीजण हसले. वत्सला दारात उभी होती, तिनं ऐकलं. मी हसले नाही, पण बोललेही नाही. चहाचा कप उचलला. आज तो कप मला आठवतो, आणि स्वतःची लाज वाटते.

तिच्या घरीही हेच दुसऱ्या बाजूनं होतं. एका जयंतीला ती मला मंठाळला घेऊन गेली. तिचे वडील, अप्पा, अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी शाळेतली बाई म्हटल्यावर त्यांनी मला जवळ बसवून घेतलं आणि मुलीच्या देखतच सांगायला सुरुवात केली. "आमच्या आज्जीला गावात लग्न निघालं की दारात नाचाय लागायचं. न्हाई म्हणायची सोय नव्हती. धर्म बदलला तवा माझ्या बापानं घरची हलगी फोडून चुलीत घातली. म्हणाला, आता वाजवायचं न्हाई आन् नाचायचं बी न्हाई. आन् ही माझी लेक, एवढी शिकली, आन् तेच करायलीय." वत्सला आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. ती तशीच उभी राहून म्हणाली, "अप्पा, मी कुणाच्या दारात नाचत न्हाई. मी वर्गात शिकवायलेय. सगळ्या घरच्या पोरी माझ्याम्होरं उभ्या राहून शिकायल्यात. एकदा येऊन बघा की." अप्पा शेवटपर्यंत एकदाही शाळेत आले नाहीत. परतीच्या बसमध्ये ती म्हणाली की गावानं नाव ठेवलं तर तिला काही वाटत नाही, अप्पांचं म्हणणं मात्र खरं आहे, म्हणूनच ते खोडून काढता येत नाही.

मग एका वर्षी दहावीचा गणिताचा निकाल घसरला. संस्थेची बैठक झाली. हेडमास्तरांनी मला बोलावून सांगितलं की जादा तास हवेत असं मी लेखी द्यावं, म्हणजे पुढचं ते बघतील. पुढचं काय ते मला ठाऊक होतं. तरी मी दिलं. माझा निकाल होता, माझ्यावर बोट होतं... ही कारणं तेव्हा मोठी वाटली. आधी दहावीचे दोन तास गेले, पाठोपाठ नववीचे आणि आठवीचेही. वत्सलाला ग्रंथालयात बसवलं. माझ्या सहीचा कागद तिनं पाहिला होता की नाही, मला आजही माहीत नाही. तिनं डबा माझ्यासोबत खाणं सोडलं नाही, एवढं खरं.

ती थांबली मात्र नाही. कलबुर्गीला होणाऱ्या भरतनाट्यमच्या ज्युनियर परीक्षेला तिनं सहा मुलींचे अर्ज भरले होते. त्यांना ती मधल्या सुट्टीत वीस मिनिटं शिकवायची. शाळा सुटल्यावर थांबवणं शक्य नव्हतं, मुलींना पाचची बस गाठायची असायची. म्हणून रविवारी ती स्वतः त्यांच्या खेड्यांत जायची, समाजमंदिरात, कुणाच्या गच्चीवर. एकेका घरून नकार येत गेला. सहाच्या चार झाल्या, चाराच्या दोन, शेवटी एकटी सविता उरली. त्याच सुमारास वत्सलानं मला सांगितलं की लहानपणच्या तापात तिच्या हृदयाची झडप खराब झाली होती, आणि बिदरच्या डॉक्टरांनी आता जिना चढायलाही मनाई केली आहे. कुणाला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातली. शाळेत कळलं तर ग्रंथालयातूनही काढतील, आणि सविताची परीक्षा तेवढी होऊ दे, मग ऑपरेशनचं बघते, असं तिचं म्हणणं. मी शपथ पाळली. ती खुर्चीवर बसून शिकवायला लागली. धाप लागली की दांडकं खाली ठेवायची आणि सविताला म्हणायची, तू चालू ठेव.

कलबुर्गीच्या परीक्षेची तारीख आली ती नेमकी माझ्या सराव परीक्षेच्या दिवशी. सविताच्या वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं की गणिताचा पेपर चुकवून कुठं जायचं नाही. वत्सला दुपारी माझ्या वर्गाच्या दाराशी आली. पोरं पाठ्यपुस्तकात डोकं घालून बसली होती.

"अक्का, एक दिवस पुढं ढकल की. सोमवारी घे पेपर."

मी म्हटलं, "माझ्या हातात न्हाई गं ते."

ते माझ्याच हातात होतं. तारीख मी ठरवली होती, पेपर माझ्याच कपाटात होता. हेडमास्तरांना फक्त सांगायचं होतं. पण पुन्हा त्यांच्यापुढं उभं राहायचं, पुन्हा निकालाचं ऐकायचं... वत्सलानं माझ्याकडे पाहिलं. मग "बरं" म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी ती एकटी बसनं कलबुर्गीला गेली. तिथल्या केंद्रावर दिवसभर थांबून तिनं विनंती केली की या मुलीची परीक्षा एक दिवस मागं-पुढं घ्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि नाही म्हणाले. त्याच्या पुढच्या सकाळी मी वरच्या मजल्यावरून तिला जिना चढताना पाहिलं. ग्रंथालय वर होतं. चौथ्या पायरीवर ती थांबली, कठड्याला धरून खाली मान घालून उभी राहिली. मी खाली जायला हवं होतं. घंटा झाली आणि मी वर्गात गेले. ठरल्या दिवशी सविता माझ्या पेपरला बसली. पहिला बाक, पहिली ओळ. मी तिच्याजवळून अनेकदा फिरले, तिनं मान वर केली नाही.

पुढच्या महिन्यात वत्सलाला बिदरला दवाखान्यात ठेवलं. ऑपरेशनपर्यंत तब्येत टिकवायची म्हणून आत-बाहेर चालू राहिलं, पण ती टिकली नाही. दहावीचा निकाल लागल्यावर मी भेटायला गेले ती मनात ठरवून, की सगळं सांगायचं. तो कागद, ती तारीख, सगळं. ती उशीला टेकून बसली होती, पाय सुजलेले. मी तोंड उघडायच्या आतच तिनं विचारलं, "सविताला गणितात किती पडले?"

मी म्हटलं, "एकोणऐंशी."

तिचा चेहरा खरोखर उजळला. "चांगलं झालं अक्का. माझ्यापायी तिचं गणित बुडाया नको, याचीच मला काळजी होती." मी तिला मोसंबी सोलून दिली, तिच्या भावजयीशी औषधांचं बोलले, आणि भालकीची बस पकडली. ती शेवटची भेट. सविता आता अकरावीला आहे, कॉमर्सला. रस्त्यात भेटली की वाकून नमस्कार करते. नृत्याविषयी ती बोलत नाही आणि मी विचारत नाही.

दोन मिनिटांच्या त्या शांततेनंतर आठवड्यानं मी हेडमास्तरांकडे गेले आणि म्हटलं की मला ते तास नकोत, परत घ्या. त्यांनी चष्मा काढला. ते वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "बाई, परत घेऊन देऊ कोणाला?" शिकवणारं माणूसच नाही म्हटल्यावर तास नुसते कागदावरचे चौकोन.

परवाच्या रविवारी मंठाळला गेले. दुपारची वेळ. अप्पा एकटेच ओट्यावर होते, खूप थकलेले. चहा झाला. बोलायला काही उरलं नाही तेव्हा ते म्हणाले, "बाई, तुम्ही तिच्या शाळंतल्या. ती तिथं पोरीला नेमकं काय शिकवायची, तेवढं सांगा मला. मी काई बघितलंच न्हाई."

मी सांगायला गेले, पण शब्दांत ते काही केल्या येईना. शेवटी उठले. जूनच्या पहिल्या तासाला ती नव्या मुलींना जे शिकवायची, ते एकदा तिनं गमतीनं मलाही करायला लावलं होतं. टाचा जुळवायच्या, पावलं बाहेर वळवायची, हात कमरेवर, पाठ ताठ, आणि गुडघे दोन्ही बाजूंना वाकवून निम्मं खाली बसायचं, आणि तसंच राहायचं. त्रेपन्नाव्या वर्षी, साडी नेसून, त्या ओट्यासमोर मी तशी उभी राहिले. मांड्या लगेच भरून आल्या. अप्पा काठीवर हनुवटी टेकवून पाहत होते. पायांकडे, गुडघ्यांकडे, पुन्हा पायांकडे.

"हे तर लय अवघड हाय," ते म्हणाले.

"व्हय," मी म्हटलं, "लय अवघड हाय."

मी सरळ व्हायला गेले, तर त्यांनी हात वर केला. "जरा थांबा बाई. तसंच थांबा."

मी थांबले... पाय थरथरत होते, पण ते बघत होते तोवर मी तशीच थांबले.