चंद्रोदयाआधीचा घास

गेल्या हिवाळ्यात मला इन्सुलिन सुरू झालं आणि काही आठवड्यांतच संकष्टी आली. मधुमेह जुना होता. बरीच वर्षं गोळ्यांवर निभावलं, मग गोळ्या पुरेनाशा झाल्या. डॉक्टरांनी सकाळी नाश्त्याआधी आणि रात्री जेवणाआधी इंजेक्शन घ्यायला सांगितलं, जेवणाच्या वेळा पाळायला सांगितलं. बाहेर रुग्णांची रांग होती. उपासाचा विषय त्यांच्याकडून निघाला नाही आणि माझ्याकडूनही निघाला नाही. घरी आल्यावर मात्र तो डोक्यातून जाईना. उपास करता येईल का, आणि करता आला नाही तर काय होईल, या विचारात मी कॅलेंडरकडे बघणं टाळत होतो.

ही भीती साध्या सवयीची नव्हती. आमची मुलगी वेळेच्या बरीच आधी जन्मली. तेव्हा आम्ही गुरुग्राममध्ये नवे होतो, मी मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नुकता लागलो होतो आणि जवळ नात्यातलं कोणी नव्हतं. काचेच्या पेटीत ठेवलेल्या त्या जिवाकडे बघत मी गणपतीला बोललो की ही घरी आली तर जन्मभर संकष्टी करीन. ती घरी आली. आज ती कॉलेजात शिकते, मेट्रोने एकटी हिंडते आणि माझ्या मराठीला हसते. पण माझा उपास आणि तिचा श्वास एकाच गाठीने बांधले आहेत, ही समजूत माझ्या मनातून कधी गेली नाही. तापात उपास केला, प्रवासात केला. माझ्या आईची शिस्त अशी की चंद्रोदयाची वेळ छापलेली असली तरी ती प्रमाण नाही, चंद्र डोळ्यांनी दिसला पाहिजे. दिल्लीकडे हिवाळ्यात तो महाराष्ट्राच्या आधी उगवतो, पण धुरक्यामुळे दिसतो उशिरा, कधी दिसतही नाही. अशा वेळी मी गच्चीवर थांबत असे. आमच्या सोसायटीतल्या लोकांना ते माहीत होतं. करवा चौथचे नवरे वर्षातून एकदा गच्चीवर येतात, मराठा साहब दर महिन्याला येतात, असं ते म्हणत.

त्या संकष्टीला मी मनाशी एक तोडगा काढला. औषध हे कर्तव्य आणि उपास हेही कर्तव्य, तेव्हा दोन्ही पाळायची. इंजेक्शन हे काही अन्न नव्हे, त्याने उपास मोडत नाही. म्हणून सकाळी नेहमीप्रमाणे इंजेक्शन घेतलं, आरती केली, वाटीभर साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि कंपनीच्या बसने कामावर गेलो. आता चंद्र दिसेपर्यंत काही नाही. बायकोने विचारलं, "अहो, डॉक्टरांना विचारलंत ना?" मी म्हणालो, "सगळं बघून घेतलंय." तिने ते खरं मानलं.

कारखान्यात त्या दिवशी बाहेरून तपासणीची मंडळी आली होती. दुपारनंतर माझं डोकं जड झालं, हात किंचित थरथरू लागले. मी त्याला उपासाची ओढ समजलो. उलट बरं वाटलं. देवासाठी काहीतरी सोसतो आहोत, असं ते समाधान होतं. तपासणी लांबली आणि कंपनीची बस चुकली. मी हमरस्त्यावर येऊन गुरुग्रामकडे जाणारी शेअर ऑटो पकडली. अंधार पडला होता. धुरक्यात पुढच्या गाडीचे लाल दिवेच तेवढे दिसत होते.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. बाकीचं नंतर ऐकलेलं आहे. थंडी असून माझा शर्ट घामाने भिजला होता. शेजारी दोन कामगार होते, त्यांच्यातल्या एकाचा कोपर लागला म्हणून मी त्याच्यावर ओरडलो. मी आवाज चढवून बोलणारा माणूस नाही. मग म्हणे मी बाहेर बोट दाखवत चंद्राबद्दल काहीतरी असंबद्ध बोलू लागलो. ऑटोवाला मागे वळून म्हणाला, "साहब ने आज जल्दी लगा ली."

समोरच्या बाकावर पांढऱ्या कोटावर जाड स्वेटर घातलेली एक बाई बसली होती. तिने माझं मनगट धरलं, कपाळाला हात लावला आणि ऑटोवाल्याला म्हणाली, "चढ़ी ना है इसको, उतरी है. शुगर उतरी है. गाड़ी साइड में ले." मग माझ्या चेहऱ्याजवळ येऊन, बहिऱ्याशी बोलावं तशा खणखणीत आवाजात तिने विचारलं, "भाईसाब, इन्सुलिन लेते हो? आज खाया क्या है?"

मी काय उत्तर दिलं ते मला ठाऊक नाही, पण तिला ते पुरलं. तिने पिशवीतून फळाच्या रसाचा छोटा डबा काढला, नळी टोचली आणि आधी एकच घोट घ्यायला लावला. मला गिळता येतं आहे याची खात्री करून घेतल्यावर तिने डबा ओठांशी धरला. आणि तिथे मी तोंड मिटलं. हे मात्र मला स्वच्छ आठवतं. मी मान हलवत म्हणत होतो, चांद नहीं निकला, मेरी बेटी, चांद नहीं निकला. कामगार हसले की घाबरले ते कळलं नाही. त्या बाईने वाद घातला नाही, मला वेडाही म्हणाली नाही. "व्रत टूटा तो पाप मेरे सिर," ती म्हणाली. "मेरे हाथ से टूट रहा है, आपके से नहीं. ऊपरवाले से मैं बात कर लूँगी. पियो."

मी प्यायलो.

काही वेळाने रस्ता पुन्हा रस्त्यासारखा दिसू लागला. तोवर तिने शेजारच्या कामगाराकडून बिस्किटांचा पुडा मागून घेतला होता आणि मला एकेक बिस्कीट खायला लावत होती. ज्याच्यावर मी ओरडलो होतो, तोच तो कामगार होता. ती गुरुग्राममधल्या एका रुग्णालयात परिचारिका होती आणि मधुमेहाच्या रुग्णांना शिकवण्याचं काम तिच्याकडे होतं. त्या दिवशी मानेसरच्या दुसऱ्या एका कारखान्यात आरोग्य शिबिर होतं. शिबिर संपल्यावर रुग्णालयाची गाडी डॉक्टरांना घेऊन निघाली, पण पॅकिंग विभागातली एक बाई आपल्या सासूच्या पायावरची जखम भरत का नाही हे विचारत राहिली, म्हणून ही मागे थांबली. पाय रोज कसे बघायचे, बोटांच्या बेचक्या कशा कोरड्या ठेवायच्या, हे त्या बाईला नीट समजेपर्यंत ती हलली नाही. गाडी गेली आणि तिने रस्त्यावर येऊन मिळाली ती ऑटो पकडली. रसाचा डबा शिबिरात वाटून उरलेला होता.

एका अनोळखी स्त्रीच्या सासूची जखम, माझ्याकडची लांबलेली तपासणी आणि हमरस्त्यावरून जाणाऱ्या अनेक ऑटोंपैकी एक. याला कोणी योगायोग म्हणेल आणि मी त्याच्याशी वाद घालणार नाही. मला स्वतःला त्या संध्याकाळी कोण भेटलं याबद्दल शंका नाही. दिवसभर मी ज्याच्यासाठी उपाशी होतो, त्याने मला खायला पाठवलं, एवढंच मला त्यातून कळलं.

उतरताना तिने माझ्या घरी फोन लावून दिला आणि बजावलं की उद्या सकाळी आधी डॉक्टरांना भेटायचं आणि मग तिच्याकडे यायचं. "और भाभीजी को लेकर. अकेले आए तो वापस भेज दूँगी."

आम्ही गेलो. डॉक्टरांनी तपासून इंजेक्शनचं प्रमाण बदललं आणि सध्या उपास अजिबात नको, साखर स्थिर झाल्यावर बघू, असं सांगितलं. मग तिच्या खोलीत गेलो. मला वाटलं होतं आता बोलणी बसतील. तिने आधी चहा मागवला, बिनसाखरेचा, आणि म्हणाली, तुमच्या उपासाचा दिवस मला सांगा, सकाळी उठल्यापासून. मी सांगितला. नवसही सांगितला. तिने वेळा तेवढ्या लिहून घेतल्या. नंतर तिने अगदी साध्या हिंदीत समजावलं. इंजेक्शन रक्तातली साखर खाली आणतं, ते त्याचं काम. आज संकष्टी आहे हे त्याला माहीत नसतं. वरून अन्न आलं नाही तरी ते आपलं काम करतच राहतं. घाम, थरथर, चिडचिड, बोलण्यातला गोंधळ, ही शरीराची हाक आहे. हाक आली की लगेच बोटातून थेंब काढून साखर बघायची. तिने सांगितलेल्या आकड्याच्या खाली असेल तर साखर किंवा रस घ्यायचा, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं आणि मग जेवायचं. साखर मोजायचं यंत्र जवळ नसेल तर आधी साखर घ्यायची, शंका नंतर. आणि उपासासाठी म्हणून आपल्या मनाने इंजेक्शन बंद करायचं, तर तेही तितकंच धोक्याचं.

"समझ गए?" असं ती विचारेल या अपेक्षेने मी मान हलवायच्या बेतात होतो. तिने विचारलं नाही. "समझ गए पूछो तो सब हाँ कहते हैं," ती म्हणाली. "अब मैं चुप. भाभीजी को आप सिखाओ. अपनी भाषा में." आणि खुर्ची थोडी मागे सरकवून बसली. तिला मराठी येत नव्हती, पण ती आमच्या चेहऱ्यांकडे बघत होती. तिच्या खोलीत प्रत्येक रुग्णाला हे करावं लागतं, असं पुढे समजलं.

मी बायकोकडे वळलो. इतक्या वर्षांच्या संसारात मी तिला माझ्या आजाराबद्दल काही शिकवलं नव्हतं. इंजेक्शन काय करतं ते सांगितलं. लक्षणं सांगितली. ती एकेक बोट मिटत मोजत होती. मग मी म्हणालो, "उपासाच्या दिवशी असं काही झालं, तर चंद्र दिसेपर्यंत..." आणि पुढचं वाक्य मला सापडेना. चंद्र दिसेपर्यंत काय? थांबायचं? मी स्वतःच नुकतं सांगितलं होतं की थांबायचं नाही.

बायको म्हणाली, "बोला ना. चंद्र दिसेपर्यंत काय? काल फोन येईपर्यंत मी गच्चीवर उभी होते, तुम्ही सरळ तिथेच याल म्हणून. मी वाट कोणाची बघायची? चंद्राची की तुमची?"

परिचारिकेला शब्द कळले नसावेत. तिने रुमालांचा डबा बायकोपुढे सरकवला आणि माझ्याकडे बघत राहिली. उत्तर मीच द्यायचं होतं.

मी तिथे बसून जे बघितलं ते असं. जो देव एका काचेच्या पेटीतल्या जिवाला सांभाळू शकला, तो पुढची सगळी वर्षं माझ्या रिकाम्या पोटावर अवलंबून असेल, असं मी धरून चाललो होतो. मुलीला मी त्याच्या स्वाधीन केलंच नव्हतं. दोरीचं एक टोक माझ्या हातात ठेवलं होतं आणि त्यालाच भक्ती म्हणत होतो. ते टोक आता सोडायचं होतं. मोठा संघर्ष होईल असं वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही. मी बायकोला म्हणालो, "हाक आली की खायचं. चंद्र असो नसो. आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत उपास नाही." परिचारिकेने विचारलं, काय म्हणालात? मी हिंदीत सांगितलं. ती म्हणाली, "बस. आप पास."

घरी मुलीला हे सगळं सांगितलं. नवसाची गोष्ट तिला अर्धीच ठाऊक होती. ती म्हणाली, "बाबा, यार, एवढी वर्षं तुम्ही माझ्यासाठी भुके राहिलात?"

"उपाशी," बायकोने दुरुस्त केलं.

"तेच. आता माझ्यासाठी खा. बिल्कुल टाइमवर."

मी अजूनही त्या परिचारिकेकडे ठरलेल्या वेळी जातो. तिच्यामुळे संध्याकाळी चालू लागलो आहे, साबुदाणा घरात क्वचित येतो, पाय रोज रात्री बघतो. कोणी विचारलं की गणपतीने तुम्हाला काय दिलं, तर मी मुलीच्या जोडीने या बाईचंही नाव घेतो. तिला एकदा तसं म्हणालो. ती हसून म्हणाली, "फिर उनसे कहिए, एक मरीज़ कम भेजें." तिचे उपकार फिटणारे नाहीत. ते तिला आणि त्यालाही माहीत असावं.

त्या प्रसंगानंतरची पहिली संकष्टी आली. सकाळी इंजेक्शन घेतलं, आरती केली, देवापुढे पोळी-भाजीचं ताट ठेवलं आणि तेच ताट घेऊन नाश्त्याला बसलो. पहिला घास सावकाश चावून गिळला. दुपारी कारखान्याच्या कँटीनमध्ये बसलो तेव्हा समोरच्या यादवजींनी माझ्या ताटाकडे बघून डोळे मोठे केले. आम्ही एकाच विभागात म्हातारे होत आलो आहोत, माझे सगळे उपास त्यांना तोंडपाठ आहेत.

"क्यों मराठा साहब? आज तो चांद वाला दिन है. भगवान से छुट्टी ले ली?"

"छुट्टी नहीं ली," मी म्हणालो. "ड्यूटी बदल गई."

ते हसले आणि डाळीचं भांडं माझ्याकडे सरकवलं. बाहेर स्वच्छ ऊन पडलं होतं, चंद्र उगवायला अजून बराच अवकाश होता. मी दुसरी पोळी घेतली.