घड्याळ होता होता राहिलेली रेकॉर्ड

पडदा वर जातो. एक खोली. डावीकडे पलंग, उजवीकडे खिडकी, खिडकीत एक झाड, अर्धं पिवळं, अर्धं उघडं. मधोमध जुना रेकॉर्ड-प्लेअर, आणि त्याच्यासमोर खुर्चीत पडदेकाका.

हे नाव नाट्यगृहातल्या नटमंडळींनी ठेवलेलं. उभा जन्म काकांनी विंगेत दोर धरून काढला. टाळ्या पडल्या की दोर सोडायचा, एवढाच आपला टाळ्यांशी संबंध, असं ते हसत सांगायचे.

दुपारी रिकाम्या नाट्यगृहात कधीकधी पियानोचं रेकॉर्डिंग व्हायचं. वाजवणाऱ्या बाई समोर कागद ठेवून वाजवीत, आणि ते कागद उलटायला काकू बसत. काकू म्हणजे काकांची बायको, शाळेत संगीत शिकवणारी. कागद वेळेवर उलटला की ती स्वतःशीच हळूच "हं" करायची. घरी सुईत दोरा गेला तरी तसंच. एका रेकॉर्डच्या शेवटच्या, संथ तुकड्यात तो "हं" उमटला. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, पुन्हा घेऊ. पण बाईंचे हात भरून आले होते, त्यांनी साफ नकार दिला. राहिला तो राहिला.

काकू गेल्यावर तिचा आवाज म्हणून काकांकडे तेवढा एक "हं" उरला. पानगळ लागली की ते रेकॉर्डी बाहेर काढत. त्यांचं ठाम मत होतं की धावणारी बोटं उन्हाळ्यात ऐकावीत. या दिवसांत मात्र जिथे डावा हात सावकाश चालतो आणि उजवा मागे रेंगाळतो, तेच लावावं. ती रेकॉर्ड सगळ्यांत शेवटी, तिन्हीसांजेला, दिवा न लावता. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. या वयात बायकोचा हुंकार ऐकत बसतो म्हटलं तर लोक काय म्हणतील?

घोटाळा झाला तो तिथेच. परगावची मुलगी थोडे दिवस राहायला आली आणि मायेपोटी तिने सगळ्या रेकॉर्डी एका छोट्या स्पीकरमध्ये भरून आणल्या, खरखर, खुडखुड सगळी पुसून. जुन्या रेकॉर्डी कोपऱ्यावरच्या जुन्या सामानाच्या दुकानात देऊन टाकल्या. बाबांच्या मागची धूळ झटकण्याची कटकट गेली, म्हणत समाधानाने गाडीत बसली.

संध्याकाळी काकांनी तो तुकडा लावला. सूर कसे धुऊन काढल्यासारखे. ती जागा आली. तिथे काहीच नव्हतं. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा काहीच नाही. काकांनी पायात चपला सरकवल्या आणि शर्टाची बटणं लावत लावतच जिना उतरले.

दुकानदार बोलघेवडा. खराब रेकॉर्डींची तो भिंतीवरची घड्याळं करायचा. काकांची रेकॉर्ड टेबलावरच होती, कडेने सोनेरी आकडे चिकटवलेले, काटे बसवायचे बाकी. त्याने समजावून सांगितलं की ही प्रतच वाईट, मध्येच कुणीतरी हुंकारतं, गिऱ्हाईक घेणार नाही.

"याच्यापेक्षा चांगली देतो, काका. नाहीतर जरा टेका, घड्याळच घेऊन जा. निदान वेळ तरी कळेल."

"वेळ कळून मी काय करू?" काका म्हणाले. "आहे तशी द्या."

दुसऱ्या दिवशी दुपारभर ते नखाने आकडे खरवडत बसले. बाकीचे निघाले, बाराचा डिंक काही निघेना. सुई तिथे टुणकन उडायची आणि पहिला तुकडा लंगडत चालायचा. पण शेवटचा तुकडा अगदी आतल्या बाजूला. तिथवर आकडे पोचले नव्हते.

खोलीत अंधारून आलं तेव्हा तो तुकडा सुरू झाला, आणि नेमका मुलीचा फोन आला. स्पीकर कसा वाटला, तिने विचारलं. मग मागची खरखर तिच्या कानावर गेली आणि ती वैतागली: पुन्हा तेच भंगार उचलून आणलंत? एवढा खटाटोप केला तो कुणासाठी? खिडकीतल्या झाडाचं एक पान सुटलं आणि गिरक्या घेत खाली गेलं. डावा हात सावकाश चालत होता. मुलगी जराशाने नरमली. बरं, तुम्ही ऐका, मी ठेवते, म्हणाली.

विंगेत दोर ओढण्याआधी सगळ्यांना गप्प करायला काका जसा हात वर करायचे, तसा त्यांनी त्या रिकाम्या खोलीत केला.

"ठेवू नकोस," ते कुजबुजले. "आता तुझी आई येईल."