आत्यांची मागची भिंत

आत्या भिंतीला कान लावत. बोटाच्या पेराने ठकठक करायचं, कान टेकवायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "पोकळ आहे." उमेदीची वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. समोरचा खरं बोलतोय की खोटं हे नुसत्या आवाजावरून कळतं, असा त्यांचा दावा होता. दूधवाला, गॅसवाला, मीटर बघायला येणारा, कुणीच त्यातून सुटत नसे. मी तर भाडेकरू.

अमरावतीहून नोकरीला पुण्यात आले तेव्हा त्यांच्या येरवड्यातल्या बैठ्या घराच्या गच्चीवरची खोली मागायला गेले. कंपनीचं ओळखपत्र दाखवलं. आत्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं, मला अंगणात बसवलं आणि आत जाऊन माझ्या ऑफिसला फोन लावून आल्या. "आहेस म्हणतात," एवढंच बोलल्या. खोली मिळाली. पण दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून मी नेमकं काय करते, हा संशय शेवटपर्यंत टिकला.

त्यांची आणखी एक खोड होती. कशालाही चिकटपट्टी लावली की तिचं टोक त्या आत दुमडून ठेवत, काढताना नखाने खरवडत बसायला नको म्हणून. रव्याचं पाकीट, रेडिओची पाठ, मला वर पाठवलेली लोणच्याची बरणी, सगळीकडे ते दुमडलेलं टोक. आपल्या हाताने बंद केलेल्यावरही या बाईचा विश्वास नाही, असं मी चेष्टेने म्हणायची. त्या हसत नसत.

विश्वास होता तो एकट्या सिद्धार्थवर. भाऊ आणि वहिनी लवकर गेले, त्यांचा हा मुलगा आत्यांनीच वाढवला. घर आत्यांच्या पगारातून उभं राहिलं होतं, जागा मात्र भावाची, म्हणजे आता सिद्धार्थची. तो बंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये होता. दरवर्षी बुद्धपौर्णिमेच्या आधी घराला पांढरा चुना लागायचा. एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर त्याचा फोन आला की, चुना पुरे झाला, आता बाहेरून चांगला, पावसात टिकणारा रंग देऊ, पेंटर मी ठरवतो. आत्यांनी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि केलेला चहा तसाच गार होऊ दिला.

ऑक्टोबरचा उकाडा होता. पाऊस नुकताच संपलेला, भिंतींवर हिरवं शेवाळ. पेंटरने तारेच्या ब्रशने ते घासून काढलं, मग लोखंडी पात्याने चुना खरवडायला घेतला. वर्षानुवर्षांच्या चुन्यावर रंग धरत नाही, पापुद्रे सुटतात, असं तो सांगत होता. आत्या मागोमाग ठकठक करत फिरायच्या. तीन भिंती खरवडून झाल्या. मागच्या भिंतीवर त्याने प्लास्टिकचा एक चौकोनी तुकडा चारही बाजूंनी पट्टी लावून चिकटवला. आत थेंब जमले तर भिंतीत ओल आहे. कोरडा राहिला तर दुसऱ्या दिवशी प्रायमरचा पहिला हात.

दुसऱ्या दिवशी थेंब होते. तिसऱ्या दिवशीही. पेंटरने टाकी तपासली, पाइप तपासले, शेजाऱ्यांच्या मोरीवरून त्यांच्याशी भांडणही करून घेतलं. आत्या गंभीरपणे म्हणायच्या, भिंतीचा काही भरवसा नाही.

मला मात्र शंका यायला लागली. गच्चीवर टाकलेली चादर तासाभरात कडकडीत वाळत होती आणि ही भिंत घाम गाळत होती. एके दिवशी ऑफिसला जायच्या आधी मी मागे जाऊन पाहिलं. पट्टीचं टोक दुमडलेलं होतं. पेंटर असले लाड करत नाहीत. मी वळले तर मागे आत्या, हातात ओलं फडकं.

त्या जराही ओशाळल्या नाहीत. "समोरच्यांनी घर रंगवलं होतं, बघितलंस ना? आणि त्या कडेच्यांनी? रंग वाळतोय तोवर बिल्डरची पाटी लागली. राहायला कोण रंगवतं हल्ली? दाखवायला रंगवतात."

"मग सिद्धार्थला सरळ विचारा ना."

सगळ्या जगाची उलटतपासणी घेणारी ती बाई फडकं पिळत उभी राहिली. "विचारलं तर तो खरं सांगेल," त्या म्हणाल्या.

मी कुणालाही काही बोलले नाही.

शेवटी वैतागून पेंटरनेच सिद्धार्थला फोन केला. तो शनिवारी आला, सरळ मागे गेला. त्याच्या शाळेच्या वह्यांना कव्हरं आत्यांनीच, अशीच पट्टी लावून घातली होती; त्या दुमडलेल्या टोकावरून त्याने एकदा अंगठा फिरवला. मग पेंटरला म्हणाला, "ही भिंत राहू द्या. ओल आहे. बाकीच्या तीन करून टाका."

"अर्धवट रंगवलेलं घर कोण ठेवतं?" खिडकीतून आत्यांनी विचारलं.

"आपण," तो म्हणाला.

त्याचा खरंच विकायचा विचार होता का, ते मला अजूनही माहीत नाही. आत्यांनी विचारलं नाही, आणि भिंत ओली कशी, हे त्यानेही विचारलं नाही. घर तीन बाजूंनी बदामी झालं. मागच्या भिंतीला दर बुद्धपौर्णिमेला चुना लागायचा, आणि तो लावायला सिद्धार्थ सुट्टी काढून यायचा.

लग्नानंतर मी कात्रजला राहायला गेले. आत्या गेल्या तेव्हा शेवटचं दर्शन झालं. पुढच्या उन्हाळ्यात त्या बाजूला काम निघालं म्हणून घरावरून गेले, तर अंगणात एजंट एका पार्टीला घेऊन उभा होता. माझ्या मनात नको ते आलं. चुना लावायला सुट्टी काढून आलेला सिद्धार्थ त्यांना सांगत होता, मागच्या भिंतीत ओल आहे, ती वाळल्याशिवाय घर दाखवण्यात अर्थ नाही, पावसाळ्यानंतर बघू. एजंट चरफडतच गेला. ही त्याची तिसरी पार्टी होती म्हणे.

सिद्धार्थ चहा टाकायला आत गेला आणि मी मागे गेले. डोक्यावर मे महिन्याचं ऊन होतं. भिंतीवर प्लास्टिकचा चौकोन होता, आत थेंब होते, आणि चारही पट्ट्यांची टोकं नीट दुमडलेली होती. खाली बादलीच्या कडेवर एक फडकं वाळत टाकलेलं होतं.

चहा पिताना अगदी जिभेवर आलं होतं. पण त्या घरात हे विचारायची पद्धत नव्हती.