सुभेदारांच्या गॅरेजातली पेटी

वायरिंगच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठतात, जळके होल्डर आणि किस्से. होल्डर भंगारवाला घेऊन जातो. किस्से कुणी नेत नाही, त्यामुळे ते आमच्याकडेच पडून आहेत!

सत्तरच्या दशकात साताऱ्यात माझं आणि तात्याचं भागीदारीत दुकान होतं. सांगलीपर्यंत कामं घ्यायचो. लोक बंगल्याचं वायरिंग हौसेनं करून घेत, पण गॅरेज म्हटलं की, "तिथं काय, द्या एक प्लग टाकून!" ओली फरशी, लोखंडी अवजारं आणि अनवाणी माणसं जिथे एकत्र येणार, तिथेच हा टाकून दिलेला प्लग. तात्याचं डोकं फिरायचं ते इथेच.

*

अर्थिंगसाठी आम्ही खड्डा खणायचो, त्यात तांब्याची प्लेट पुरायचो आणि भोवती कोळसा आणि जाडं मीठ भरायचो. लोणंदला एका व्यापाऱ्याच्या गॅरेजचं काम होतं. त्यांच्या आई खड्ड्याच्या काठावर येऊन बसल्या. मिठाचे थर पडताना बघून म्हणाल्या, "आवं, मीठ झालं. हळद-मोहरी कवा घालायची?"

तात्या तितक्याच गंभीरपणे म्हणाला, "जरा मुरू द्या, आजी!"

खड्डा ओला ठेवायचा, एवढं मात्र आजींनी पक्कं ध्यानात ठेवलं. उन्हाळाभर स्वतः कळशीनं पाणी घालायच्या. इतकं झकास अर्थिंग आम्हाला पुन्हा कुठे मिळालं नाही.

*

सांगलीत एकाच्या गॅरेजमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर होता. हात लावला की झिणझिण्या यायच्या. आम्ही जाऊन अर्थिंगची तुटलेली तार जोडली, झिणझिण्या बंद झाल्या आणि मालक खूश झाला.

आम्ही सामान आवरतोय, तेवढ्यात शेजारचे आजोबा काठी टेकत आले. कॉम्प्रेसरवर तळहात ठेवून उभे राहिले. मग दुसरा तळहात ठेवला. मग आमच्याकडे वळून ओरडले, "कुणी बंद केलं रं ह्ये?"

चौकशी केली, तर आजोबा रोज सकाळी तिथे येऊन शेक घेतल्यासारखा करंट घ्यायचे! "गुडघ्याला लय आराम पडत हुता," म्हणाले.

म्हातारा रोज मरणाला हात लावून घरी चहा प्यायला जात होता. तात्यानं त्यांना हाताला धरून दारापर्यंत सोडलं आणि म्हणाला, "आजोबा, गुडघ्याला तेल लावा. ह्या औषधाचा दुसरा डोस मिळत न्हाई!"

*

आता सुभेदार. फौजेतून रिटायर होऊन साताऱ्यात घर बांधलं आणि लिलावातली एक जुनी जीप घेतली. जीपला गॅरेज असं, की आमच्या दुकानापेक्षा मोठं! तात्यानं हट्टानं तिथे पुण्याहून मागवलेली एक पेटी बसवली. कुठल्याही यंत्राच्या पत्र्यात करंट उतरला, की पेटी खट् करून लाइन तोडायची. साताऱ्यात तेव्हा ही चीज नवीनच होती.

सुभेदारांना आधी कोण कौतुक! पाहुणा आला की चहाआधी पेटी. तपासणीचं बटण दाबायचे, खट् झालं की म्हणायचे, "देखा? पहरे पे संतरी खडा है!"

पावसाळा आला आणि कौतुक ओसरलं. गॅरेजातल्या पाण्याच्या पंपात ओल शिरली की खट्. ड्रिलमध्ये ओल शिरली की खट्. एक दिवस सुभेदार दुकानात येऊन कडाडले, "ही पेटी भित्री हाय! फौजेत असती तर पयल्याच गोळीला पळाली असती. काढून टाका!"

तात्या म्हणाला, "खंडेनवमी होऊ द्या. मग काढतो." सुभेदार कसेबसे तयार झाले. तात्या मला नंतर म्हणाला, "गड्या, त्या गॅरेजात सुभेदारवहिनी भांडी धुवायचं पाणी भरत्यात. पेटी काढली तर मला झोप लागायची न्हाई."

*

खंडेनवमीला सुभेदारांनी आम्हाला पूजेला बोलावलं. पूजा जीपची. सकाळी जीप धुतल्यामुळे फरशी ओलीचिंब होती. पूजा म्हणून सगळ्यांनी दाराशी चपला काढल्या. गॅरेज अंधारं, म्हणून सुभेदारांनी लोखंडी जाळीचा हातदिवा जीपच्या आरशाला अडकवला आणि बटण दाबलं.

खट्!

सुभेदारांनी पेटीचा खटका वर केला. खट्! पुन्हा वर केला. खट्! पाहुण्यांत कुजबूज सुरू झाली. सुभेदार लालबुंद झाले. "तात्या, काढ ही पेटी! तार डायरेक्ट जोड!"

"आधी दिवा बघू द्या," तात्या पुढे झाला.

इकडे वहिनींना मुहूर्ताची काळजी. "अंधार तर अंधार, मी कुंकू लावून घेते," म्हणत त्यांनी बॉनेटवर बोटं टेकवली. आणि त्याच क्षणी सुभेदारांनी रागानं खटका पुन्हा वर केला.

खट्!

"आई गं!" वहिनींनी हात मागे घेतला. "मुंगी चावल्यागत झालं."

तात्यानं दिव्याचा प्लग उपटला आणि दिवा उघडला. आतली तार सुटून जाळीला टेकली होती. जाळी आरशाला, आरसा जीपला. तात्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आख्ख्या जीपमधी करंट हुता. ही पेटी नसती, तर वहिनींचा हात सुटला नसता."

वहिनी उभ्या होत्या, धडधाकट. एवढं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नसेल.

वहिनींनी कुंकवाची कोयरी उचलली. "जीप ऱ्हाऊ द्या. आधी त्या पेटीला कुंकू लावते."

"थांब!" सुभेदार गरजले.

ते दाराशी गेले. चपलांच्या ढिगातून वहिनींच्या रबरी चपला शोधल्या, हातात घेऊन आले आणि सगळ्यांच्या देखत वाकून त्यांच्या पायांपुढे ठेवल्या.

"ह्या घाल. मग कर पूजा."